मातकट

यंदा जूनच्या पहिल्याच पावसात माळा गळला आणि त्यावरची लोखंडी ट्रंक भिजली. झाकण उघडलं, तर डांबरगोळ्यांना न जुमानता ओल्या लोकरीचा वास नाकात शिरला. आधी लेह आठवलं; गळतीची काळजी नंतर.

ह्यांच्या बदलीमुळे तिथे दोन वर्षं काढली. दिवस सरेना म्हणून मी लेहचे ऋतू विणायला घेतले. एप्रिलमध्ये आल्ची-सासपोलकडे जर्दाळू फुलतो, त्याचा मफलर. जुलैत उघड्या डोंगराखाली जवाच्या शेतांचा पट्टा उठतो, त्याची कानटोपी : सगळी तपकिरी, मध्ये सहा ओळी हिरव्या. ऑक्टोबरातल्या पिवळ्या पॉपलरचे मोजे. लोकर पुण्याहून यायची. त्या दुकानदाराचं जग राणी, पिस्ता आणि आकाशीत संपत होतं. जर्दाळूच्या फुलाचा फिका रंग कळवला, तर बारशाला शोभेल असा गुलाबी आला.

तो मफलर नणंदेला दिला. पुढच्या खेपेला तिच्याकडच्या स्कूटरच्या डिकीत दिसला, ग्रीसने माखलेला. मी विसरलेले नाही. विसरायचा विचारही नाही.

हिवाळ्यासाठी पांढरे हातमोजे घ्यायचे हे तर ठरलेलंच होतं. जानेवारीत गच्चीवरच्या उन्हात बसून मनगटाची पट्टी विणत होते, दोन सुलट, दोन उलट. शेजारी घरमालकीण आमा-ले टकळीवर सूत काढत होती. तिने माझ्या सुयांकडे पाहिलं, समोरच्या डोंगराकडे पाहिलं आणि विचारलं, "बर्फ किधर है?"

मी पाहिलं. खरंच कुठे होतं? दूर शिखरांवर होतं तेवढंच. समोरचा सगळा डोंगर कोरडा, मातकट. 3,500 मीटर उंचीवरचं गाव, पण वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाणी, त्यात बर्फ धरून. ढग अलीकडच्या रांगांवरच रिते होतात. पांढरी पट्टी मी तिथेच उसवली. आमा-लेने आपल्या तपकिरी सुताचा गुंडा माझ्या मांडीवर टाकला.

सुयांवर मोजे विणणं त्या मुलखात मोरेव्हियन मिशनऱ्यांनी रुजवलं. 1850 च्या दशकात ते लाहौलमधल्या केलाँगला आले, मारिया हायडे बाईंनी तिथल्या बायकांना विणायला शिकवलं. 1885 मध्ये मिशन लेहला पोचलं. हे मी फार नंतर वाचलं. आमा-लेला सांगून उपयोग नव्हता, तिच्या हातात सुया नव्हत्याच.

'पश्मीना आणली का?' हे मात्र मला आजही विचारतात. पश्म चांगथांगच्या बकऱ्यांचं, 12 ते 15 मायक्रॉनचं, माणसाच्या केसाच्या पाचव्या हिश्श्याइतकं बारीक. आमा-लेचं सूत मेंढीचं, टोचरं. मी ते नाकाशी नेलं आणि "बर्फ किधर है?" विचारणारी ती बाई क्षणभर दिसेनाशी झाली. वास आमच्या म्हसवडचा होता, आजीच्या घोंगडीचा.

माणदेशही असाच. सह्याद्री ढग अडवतो, आमच्या वाट्याला उघडे माळ. सनगर काळ्या मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणायचे, सुताला चिंचोक्याची खळ लावून. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असायची. आजी म्हणे, पाच पावसाळे अंगावर घ्यावेत, मग ती माणसात येते. वळवाचा पाऊस आला की आजी ती डोक्यावर घेऊन गोठ्याकडे धावायची आणि परत आली की सगळ्या घरभर हा वास. आजी गेली तेव्हा मी लेहमध्ये होते. झोजी-ला खिंड बंद. विमानाचं तिकीट मिळेपर्यंत बारावा उरकला होता.

आमा-लेच्या गुंड्यात एकच हातमोजा झाला, उजवा. बदली झाली, आम्ही खाली आलो. नणंदेने तो पाहिला : "बर्फाच्या गावचं म्हणता, आणि रंग असा मातकट?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. डावा मी दोन वर्षांनी म्हसवडच्या सुताचा विणला. रंगात थोडा काळपट आहे, बाकी टाके तेवढेच, चव्वेचाळीस.

ट्रंकेत भिजलेले ते दोन्ही धुऊन बाल्कनीत सावलीला घातले. तीन दिवसांनी वाळले. उजवा होता तेवढाच राहिला. म्हसवडचा बोटभर आटला.