पातूरच्या देवघरातला लायटर

व्हिएतनाम युद्धातला झिपो! पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी तो हातात आला तेव्हा मी अक्षरशः उडालेच. घासलेलं पितळ, वर कुणा सैनिकाचं कोरलेलं नाव आणि झाकण उघडताना होणारा तो फेमस 'क्लिक'. घासाघीस करून बाराशेला पटवला, मित्रमंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि दिवसभर भाव खाल्ला.

रात्री जरा अभ्यास केला आणि तोंड पाडून बसले. तळाशी इंग्रजी 'जी' आणि रोमन आठ असा शिक्का होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून २००० पर्यंत झिपो कंपनी महिना अक्षरात आणि वर्ष रोमन आकड्यात छापायची. जी म्हणजे सातवा महिना, जुलै. रोमन आठ म्हणजे १९९२. व्हिएतनाम युद्ध संपलं १९७५ मध्ये! लायटर कदाचित खरा असेल, पण सैनिक नक्कीच बनावट.

हे आईला फोनवर सांगितलं तर ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "बाराशे? अगं पातूरला आजीच्या देवघरात एक फुकट पडलाय." आणि एकदम गप्प झाली. कारण तो आबांचा लायटर. आबा, म्हणजे आईचे वडील, २००४ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. मी सात वर्षांची होते. त्यांचा चेहरा धूसर आठवतो, खोकला मात्र स्पष्ट.

तर मंडळी, विंटेज लायटरचं वेड सध्या जोरात आहे, आणि त्यात नुसता शो-ऑफ नाही. जुन्या लायटरला कथा असते. झिपोचंच घ्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जॉर्ज ब्लेसडेल यांनी १९३२ मध्ये कंपनी काढली, ती एक बेढब ऑस्ट्रियन लायटर बघून. पहिला झिपो होता एक डॉलर पंच्याण्णव सेंटला, आणि सोबत आयुष्यभर फुकट दुरुस्तीची हमी. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैनिकांच्या खिशात जगभर फिरला. आपल्याकडे लायटरला स्टाईल दिली ती हिंदी सिनेमानं. देव आनंदच्या 'हम दोनो'मध्ये (१९६१) लायटर उघडला की जयदेव यांची धून वाजते. तो सीन बघून सिगारेट न ओढणाऱ्यालाही लायटर घ्यावासा वाटतो. डेंजर गोष्ट आहे ती! सरकारला मात्र लायटरमध्ये कर दिसला. काड्यापेटीवर अबकारी कर लावणारा कायदा १९३४ मध्ये आला आणि त्याच वर्षी लायटरसाठीही वेगळा कायदा झाला.

पण माझ्या डोक्यात आता पातूरच होतं. रात्रीची ट्रेन पकडून सकाळी अकोल्याला उतरले आणि एसटीनं तासाभरात पातूर. अकोल्याची सपाट काळी जमीन इथे संपते आणि समोर डोंगर उभे राहतात. पुढचा रस्ता घाट चढून मालेगाव-वाशीमकडे जातो. गाव तालुक्याचं, पण टुरिस्टांच्या यादीत नाही, हे त्याचं नशीब. टेकडीवर रेणुकामाता, गावात शेखबाबूंचा दर्गा आणि डोंगरात कोरलेली जुनी लेणी. लेण्यांकडे मामा घेऊन गेला. फार कोरीवकाम शोधू नका, तिथल्या गार अंधारात नुसतं बसा. येताना मामानं वाटेतली एक पांढरट गारगोटी उचलून खिशात टाकली. का, ते घरी कळलं.

आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. चहा झाल्यावर मी विषय काढला. ती उठली, देवघरातल्या निरांजनामागून लायटर काढला आणि पदरानं पुसून माझ्या हातावर ठेवला. बोटभर लांबीचा, पत्र्याचा, कडेचं निकेल उडालेलं. पुसट अक्षरं वाचली: इमको ट्रिपलेक्स, मेड इन ऑस्ट्रिया.

इमको! माझ्या तोंडून शिट्टीच निघाली. ही कंपनी १९०७ साली बटणं बनवायला निघाली होती. पहिल्या महायुद्धानंतर ती लायटरकडे वळली आणि २०१२ मध्ये तिनं उत्पादन बंद केलं. दिसायला अगदी साधा, पण मेकॅनिझम बघाल तर फिदा व्हाल. अंगठ्यानं वरची पट्टी उचलली की झाकण उघडतं आणि त्याच झटक्यात चाक फिरून ठिणगी पडते. वाऱ्यासाठी भोकांची नळी. आणि खालची पेट्रोलची टाकी जळत्या वातीसकट ओढून वेगळी काढता येते, छोट्या मेणबत्तीसारखी.

आबा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. १९७० च्या सुमारास एका मित्रानं मुंबईहून हा लायटर आणून दिला. गंमत बघा, जिनिंगमध्ये चहूकडे कापूस, त्यामुळे काड्यापेटी, बिडी, लायटर सगळं गेटवर वॉचमनकडे ठेवायचं. आबांचा हा शानदार ऑस्ट्रियन लायटर दिवसभर एका डब्यात पडून असायचा. शिफ्ट सुटली की गेटबाहेर पहिला 'खट्'.

"मंग वात संपली," आजी सांगू लागली. "अकोल्यात भेटे नाई. मी म्हनलं, आना इकडं. देवाची वळतो तशीच वळली, जराशी जाड."

मी बघतच राहिले. पेट्रोलच्या लायटरमध्ये असतं काय? टाकीत कापसाचा बोळा आणि त्यातून वर येणारी वात. बाहेरून ऑस्ट्रिया, आत निव्वळ वऱ्हाड! आजीची वात विकतच्यापेक्षा लवकर जळायची, मग ती दुसरी वळायची. असं जवळजवळ तीस वर्षं.

"तुला राग नाही यायचा? बिडीचा?"

"येत नाई तं काय! हजारदा म्हनलं, सोडा. पन वात तं मीच करून देत होती ना."

हे वाक्य तिनं तांदूळ निवडताना बोलावं तसं सहज टाकलं. मला पुढचा प्रश्न सुचेना.

मामानं वातावरण हलकं केलं. पणजोबांची चंची काढली आणि त्यातला पोलादाचा वाकडा तुकडा उचलून मघाची गारगोटी त्यावर हाणली. चौथ्या फटक्याला ठिणगी! ही चकमक. जुने लोक दगडावर जळका कापूस धरायचे, ठिणगी त्यात पडली की फुंकर मारून बिडी, चिलीम नाहीतर चूल पेटवायची. इथे दगड कठीण असतो, तो पोलाद खरवडतो आणि पोलादाचा कण पेटतो. लायटरमध्ये उलटं. चाक पोलादी आणि 'खडा' मऊ. तो दगड नसतोच, लोखंड आणि सेरियमसारख्या धातूंचं मिश्रण असतं. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीची ती पांढरी जाळी आठवते? तीही याच माणसाची देन. आपल्या जुन्या रात्री एका माणसानं दोनदा उजळल्या, आणि नाव कुणाला माहीत नाही.

आबा गेल्यावर आईनं हा लायटर फेकायला सांगितला होता. तिनं दवाखान्यातल्या रात्री काढल्या होत्या, तिचं बरोबरच होतं. आजीनं ऐकलं नाही. पुढे भारनियमनाची वर्षं आली, संध्याकाळी तासन् तास लाईट गायब. तेव्हा ती टाकी काढून देवापुढे ठेवायची आणि तिच्या उजेडात मामाची मुलं अभ्यास करायची. पेट्रोल मामाच्या मोटरसायकलमधून. तो वास घरभर व्हायचा म्हणे. ज्या आगीनं माणूस नेला तीच आग हिनं घरात ठेवून घेतली. मला आईचंही पटतं आणि आजीचंही. आजही निर्णय होत नाही.

मी अंगठ्यानं पट्टी उचलली. खट्. पहिल्या फटक्यात पेटला! पिवळी, किंचित काजळीची ज्योत. दहा रुपयांचा प्लास्टिकचा लायटर आठवला, संपला की कचऱ्यात. वीस रुपयांच्या आतल्या अशा लायटरच्या आयातीवर सरकारनं २०२३ मध्ये बंदी घातली, तामिळनाडूतल्या काड्यापेटीवाल्यांच्या मागणीवरून. तो फेकताना कुणाच्या जिवाला काही होत नाही.

"आजी, मी नेऊ हा पुण्याला?"

तिनं उत्तर दिलं नाही. माझ्या ओढणीकडे वाकली, वास घेतला.

"तू ओढून राह्यली काय?"

डेडलाईनच्या रात्री, पार्टीत, कधी बाल्कनीत एकटी असताना. आईला माहीत नाही. खोटं बोलता आलं असतं, पण हातात आबांचा लायटर होता.

"कधी कधी," मी म्हणाले.

मामी स्वयंपाकघरात गेली. आजीनं माझ्या हातातून लायटर घेतला, झाकण लावलं, पदरानं पुन्हा पुसला आणि निरांजनामागे ठेवून दिला. ओरडली नाही. संध्याकाळी तिनं माझ्या आवडीचं भरीत केलं आणि समोर बसून वाढलं.

दुसऱ्या दिवशी मामानं स्टँडवर सोडलं. पुण्याला पोचून बॅग उघडली तर कपड्यांखाली वर्तमानपत्राची पुडी. आत वळलेल्या वाती, मोजल्या, अकरा. देवाच्या वातींसारख्या बारीक. जाड एकही नव्हती.