पाऊल घसरू नये म्हणून

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघांचेही एम.ए. एकाच विभागातले, एकाच वर्षीचे; त्यामुळे घरात वाद झाला तर तो बहुधा एखाद्या पाठभेदावरून किंवा शब्दाच्या व्युत्पत्तीवरून होतो. अशा माणसांनी बुटांवर लिहावे, आणि तेही डोंगरउतारावरून सायकल हाकणाऱ्या मुलींच्या बुटांवर, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही वाटले होते. परंतु २०२४ च्या जुलैमध्ये कॅनडातल्या व्हिसलर गावी एका दुकानात आम्ही दोन तास काढले, आणि तिथे आपल्याच भाषेतले काही वाक्प्रचार नव्याने वाचायची वेळ आली. म्हणून हा प्रपंच.

आमची भाची, ताईची मुलगी, व्हँकूव्हरला शिकते. तिच्याकडे आम्ही तीन आठवडे राहायला गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी ती पाय वर घेऊन बसली आणि उजव्या नडगीवरची टाक्यांची ओळ दिसली. विचारले तेव्हा प्रथम तिने हसून विषय टाळला, मग म्हणाली, "पाय घसरला, मावशी. आईला सांगू नका."

वाक्य साधे होते. पण तरुण मुलीच्या तोंडी हे शब्द ऐकले की मराठी मन किंचित दचकते. पाय घसरणे, पाऊल वाकडे पडणे, उंबरठा ओलांडणे: बाईच्या पावलांवर आपल्या भाषेने केवढी पाळत ठेवली आहे! वहाण तर तिच्या जागेवर राहणेच शहाणपणाचे, हे 'पायीची वहाण पायीच बरी' या म्हणीने सांगून ठेवले आहे. आणि ती वहाण म्हणजे अनेकदा घरची सून किंवा बायको असते, हेही आपण जाणतो. भाचीला यांतले काहीच अभिप्रेत नव्हते. तिचा पाय खरोखरच घसरला होता. उतारावर दगडांच्या पट्ट्यातून जाताना पुढचा पाय पेडलवरून सुटला, पेडल गरकन फिरले आणि त्याच्या पिना नडगीत घुसल्या. पायात रोज पळायला वापरायचे मऊ बूट होते.

या खेळाला डाउनहिल म्हणतात. व्हिसलरला बर्फावर घसरणाऱ्यांसाठी उभारलेले पाळणे उन्हाळ्यात माणसांना आणि सायकलींना वर नेतात. १९९९ पासून तिथे यासाठी खास उद्यानच आहे. वर पोचायचे आणि जंगलातल्या वाटेने खाली यायचे, एवढाच खेळ. त्याचा उगम लोक कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत शोधतात. १९७६ साली फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर काही उत्साही मंडळी जुन्या, जाड टायरांच्या सायकलींच्या शर्यती लावू लागली. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. त्या मंडळींत वेंडी क्रॅग ही एक स्त्री होती. ती स्वतः सायकल चालवी आणि इतरांची छायाचित्रेही काढी. त्या दिवसांचे जे दर्शन आज आपल्याला घडते, त्यातले बरेचसे तिच्या कॅमेऱ्यामुळे. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगो येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा स्त्रियांची डाउनहिल शर्यत कॅनडाच्या सिंडी डिव्हाइनने जिंकली. म्हणजे बायका आरंभापासून होत्या. तरीही युटातल्या खडकाळ कड्यांवरची 'रॅम्पेज' ही स्पर्धा २००१ साली सुरू झाली आणि तिच्यात स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, आम्ही परतल्यानंतर. न्यूझीलंडची रॉबिन गूम्स जिंकली. मधली तेवीस वर्षे त्यांचे पाऊल उंबरठ्याबाहेर होते, एवढेच म्हणता येईल.

ताईपासून लपवायचे की नाही, यावर आमच्यात मतभेद झाले. शेवटी असे ठरले की आधी बूट घ्यायचे आणि मग सांगायचे. यात थोडा भित्रेपणा होता, हे कबूल करतो. पण नुसती वाईट बातमी देण्यापेक्षा तिच्याबरोबर काही उपायही द्यावा, असे वाटले.

दुकानातल्या तरुण विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा. स्त्रियांच्या फळीवर मोजके जोड होते, जांभळट, मोरपंखी. भाचीने शांतपणे एक बूट उचलला आणि उलटा केला. रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. तळ पाहू लागली. मग आम्हांला समजावून सांगू लागली, आणि आम्ही वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांसारखे ऐकू लागलो.

उतारावर उतरणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक पंथ बुटाचा तळ पेडलला खटक्याने अडकवून घेतो. दुसरा सपाट पेडल वापरतो; त्यावर बारीक पिना उभ्या असतात आणि पायाला बांधून ठेवणारे दुसरे काहीच नसते. तोल गेला तर पाय तत्काळ जमिनीवर टेकवता येतो, हा त्याचा लाभ. सपाट पेडल केवळ नवशिक्यांसाठी असते असेही नाही: ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे एंड्युरोची जागतिक मालिका सपाट पेडलवरच जिंकली. पण मग पेडल आणि पाय यांचे नाते टिकवण्याची सारी जबाबदारी तळाच्या रबरावर येते.

हे रबर उसळी घेणारे नको. कणकेचा गोळा फरशीवर टाकला तर तो जसा आघात पोटात घेऊन बसतो, तसे ते हवे. मग खडबडीत वाटेवर पेडल थरथरले तरी तळ उडत नाही आणि पिना त्यात रुतून राहतात. या गुणाची ओळख सायकलस्वारांना झाली ती प्रस्तरारोहकांकडून. १९८५ मध्ये चार्ल्स कोल याने कॅलिफोर्नियात 'फाइव्ह टेन' ही कंपनी काढली, ती कडे चढणाऱ्यांसाठी. नावही चढाईच्या काठिण्यश्रेणीतल्या एका अंकावरून घेतलेले. तिचे 'स्टेल्थ' रबर पुढे सपाट पेडलवर लोकप्रिय झाले, आणि २०११ मध्ये ती कंपनी आदिदासने घेतली. नक्षीही उथळ हवी. गिर्यारोहणाच्या बुटांच्या खोल खाचा चिखलात उपयोगी पडतात. पेडलवर मात्र पिना त्या खाचांत पडतात आणि रबराला त्यांची नीट पकड मिळत नाही.

मग ताठपणा. तळ फार मऊ असेल तर पाऊल पेडलभोवती वाकते, लांब उतारावर चवडा दुखू लागतो आणि पिना आतपर्यंत जाणवतात. फार ताठ असेल तर पायाला पेडल कळतच नाही. पुढच्या टोकाला बोटांसाठी कडक कवच हवे, कारण वाटेतले दगड आणि बुंधे विचारून येत नाहीत. आतल्या घोट्याजवळ गादीची उंच कड असली तर क्रँकच्या दांड्याचा मार ती झेलते. नाडीचे टोक खोचायला इलास्टिकचा पट्टा पाहिजे, नाहीतर ते साखळीत जाते. बूट संध्याकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, नेहमीचे मोजे घालून पाहावा. अंगठ्यापुढे थोडी जागा राहिली पाहिजे, कारण उतारावर पाऊल पुढे सरते. आणि टाच अजिबात उचलता कामा नये, कारण या खेळाचा मूलमंत्रच टाच खाली दाबण्याचा आहे.

इथेच अडचण आली. पुरुषांच्या फळीवर घोट्याशी उंच कड असलेला एक दणकट बूट होता. लहान मापात मिळतही होता. पण भाची चालू लागली की टाच आत वरखाली होई. चवड्याच्या मानाने तिची टाच अरुंद आहे, आणि पुष्कळ स्त्रियांची तशीच असते. पुरुषाचा बूट लहान करून त्याला वेगळा रंग दिला म्हणजे तो स्त्रीचा होत नाही. मूळ साचाच निराळा लागतो. कित्येक वर्षे बाजारात स्त्रियांसाठी म्हणून बरेचसे ते रंगवलेले लहान बूटच मिळत. स्त्रियांच्या साच्यावर बेतलेला जो जोड तिला नेमका बसला, त्याचे रबर आणि टोकाचे कवच उत्तम होते. फक्त घोट्याची उंच कड नव्हती. काय सोडायचे आणि काय राखायचे?

निर्णय तिनेच घेतला. घोट्याला वेगळे संरक्षण बांधता येते, सैल टाचेवर उपाय नाही; आणि टाच सैल असेल तर पाय पुन्हा सुटेल. तिने तो मोरपंखी जोड घेतला आणि नडगीपासून घोट्यापर्यंत झाकणारे गार्डही घेतले. पैसे आम्ही दिले. विरोधाचा हक्क आम्ही त्या क्षणी सोडून दिला, हे गल्ल्यापाशी उभे असताना दोघांच्याही लक्षात आले. कुणाला उतरू नकोस म्हणणे आणि त्याच्या पायात योग्य बूट आहे ना हे पाहणे, ही दोन्ही काळजीचीच रूपे आहेत. आपल्याकडे पहिलेच अधिक परिचित आहे, इतकेच.

इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९९३ च्या दिवाळीच्या सुटीत साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटातून दोन बहिणी वडिलांच्या सायकलवरून खाली येत होत्या. आमच्यापैकी एक मागे कॅरिअरवर बसली होती. सायकल ताई चालवत होती. वळणावर तिचा पाय पेडलवरून सुटला आणि दोघी खडीवर पडल्या. ताईचा गुडघा फुटला. घरी आजी म्हणाली, हातपाय मोडून घेतलेस तर पुढे तुला करून कोण घेईल? आठवड्याभरात सायकल चुलतभावाकडे गेली. ताई पुन्हा सायकलवर बसली नाही. मागे बसलेलीही नाही. पायाला दोष सगळ्यांनी दिला, धाडसालाही दिला. चप्पल उलटी करून तिचा तळ कोणी पाहिला नाही.

त्या रात्री आम्ही ताईला फोन लावला. सातारला सकाळ होती. पडणे, टाके, बूट, सारे क्रमाने सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. ती रागावेल, रडेल, मुलीला ताबडतोब परत बोलावेल, या सगळ्याची तयारी आम्ही ठेवली होती.

"टाच हलत नाही ना आत?" तिने विचारले.

नाही, म्हटले.

"मोजे घालून पाहिलेत?"

पाहिले.

पुन्हा थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "तेव्हा घाटात माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता गं. वरच तुटला होता. सांगितलं असतं तर बाबांनी उतरूच दिलं नसतं, म्हणून बोलले नाही. आणि नंतर कुणी विचारलंच नाही."

भाची आजही उतरते. गेल्या उन्हाळ्यात तिने त्या बुटांच्या तळाचे छायाचित्र पाठवले होते: चवड्याखालचे रबर पिनांनी चाळणीसारखे टोचलेले, बाकीचा तळ जवळजवळ नवा. नवीन जोड घ्यायची वेळ झाली आहे, असे तिने खाली लिहिले होते. ते छायाचित्र तिने प्रथम आईला पाठवले होते, आणि मग आम्हांला.