कॅम्प चारला कोण राहायला येतं

गेल्या जूनमध्ये सेलूहून भाच्याचा फोन आला. मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, एम.ए.ला त्याचा नंबर लागला होता. कौतुक, पेढे वगैरे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, कॅम्प चारला एखादी रूम बघ ना. विठ्ठलवाडी स्टेशनला चालत जाता येईल अशी."

"अरे, कलिना कुठं, विठ्ठलवाडी कुठं! चाळीसेक किलोमीटर आहे कुर्ला. वर तिथून बस."

"माहितीये. तरी बघ."

मी आता बदलापूरला राहते. फोन ठेवला आणि बराच वेळ कामात लक्ष लागेना. आयुष्याची पहिली पंचवीसेक वर्षं मी उल्हासनगरच्या कॅम्प चारला काढली. ती जागा आपणहून मागणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

कारण तिथं कुणी निवड करून आलेलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर दोन हजारांहून जास्त बराकी उभ्या राहिल्या, त्यात सैनिक आले ते हुकुमानं. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली लाखभर माणसं सरकारनं त्याच बराकींत आणून उतरवली, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. ८ ऑगस्ट १९४९ला राजाजींनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं, पण 'कॅम्प' काही लोकांच्या तोंडून गेला नाही. माझे वडील परभणीकडून येऊन अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चिकटले. सुभाष टेकडीच्या अलीकडे एका बराकीत खोली मिळाली म्हणून आम्ही कॅम्प चारचे झालो. 'मिळाली म्हणून' एवढंच कारण. दुसरीकडे कुठं कुठं विचारलं होतं आणि काय उत्तर आलं होतं, हे आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही.

आमच्या पत्त्यात रस्ता नव्हता, सोसायटी नव्हती. बराकीचा बीके नंबर, तिरपी रेघ, खोलीचा नंबर, मग सेक्शन. एकेका लांबोळक्या बराकीत भिंती घालून खोल्या पाडलेल्या. मुळात भिंत वरपर्यंत नसायचीच, त्यामुळं पलीकडच्या घरातली फोडणी आणि भांडण दोन्ही आम्हाला फुकट. पुढं ज्यानं त्यानं विटा रचून ती छपरापर्यंत नेली. वर मंगलोरी कौलं, पुढं ओटा. शेजारच्या ओट्यावर एक पत्र्याची ट्रंक असायची.

ती ट्रंक मला अजून दिसते. काळी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, एका बाजूनं पोचा आलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं: शेजारच्या दादांचं नाव, खाली 'मेठाराम हॉस्टेल', खोलीचा नंबर, कराची. नंबरातला एक आकडा उडालेला होता. दादा संध्याकाळी बनियनवर त्याच ट्रंकेवर बसून पेपर वाचत. सिंधी दादा म्हणजे बाजारात दुकान, असं आमच्याकडं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं असायचं. हे दादा मात्र कुठल्याशा ऑफिसात हिशेबनीस होते आणि कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजात शिकले होते.

माझं एम.ए.चं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न राहायचं कुठं हा होता. नेहरूनगरला, कुर्ल्यातच, आत्या होती. पण तिच्या घरी आधीच सहा माणसं, आणि पाहुणी म्हणून चार दिवस गोड लागतं ते दोन वर्षं लागत नाही. पेइंग गेस्टचे पैसे वडिलांच्या पगाराला झेपणारे नव्हते. म्हणून मी मुंबईतल्या एका वसतिगृहाचा फॉर्म आणला, भरला, वडिलांना घेऊन तिथल्या कार्यालयात गेले. टेबलापलीकडच्या बाईंनी फॉर्म हातात घेतला. बोट पत्त्यावरून खाली सरकलं, जातीच्या रकान्याशी आलं, पुन्हा वर गेलं. मग माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही तर लोकलच आहात की. रोज जाऊन-येऊन करता येईल."

त्या बाईंवर माझा राग आहे. अजून आहे. नियम खरंच तसा असेल, उपनगरी गाडीच्या टप्प्यातल्या मुलींना जागा द्यायची नसेल, तर त्यात वावगं काही नाही. लांबून येणाऱ्या मुलीची गरज मोठीच. पण ते बोट आधी कुठं थांबलं होतं आणि मग वर का गेलं, हे मला कधी कळणार नाही. सरळ अपमान झाला असता तर भांडता आलं असतं. इथं हातात काही सापडतच नाही. घरी येताना वडील एवढंच म्हणाले, "पास काढू."

तर पास काढला. विद्यार्थ्यांना अर्ध्या किमतीत मिळायचा, पण त्यासाठी विभागातून कन्सेशनचा फॉर्म आणायचा, त्यावर शिक्का, मग खिडकीवर रांग. सकाळी विठ्ठलवाडीला बदलापूर किंवा कर्जतहून येणारी गाडी भरूनच यायची. बसायला हवं असेल तर शेअर रिक्षानं कल्याण गाठायचं आणि तिथून सुटणारी पकडायची. वडील त्याच वेळी उलट्या बाजूनं अंबरनाथला निघत, रिकाम्या गाडीत पाय पसरून. एकाच घरातून निघून एकाला खिडकी आणि एकीला दरवाज्याची दांडी.

१९९२ मध्ये कल्याणची लेडीज स्पेशल सुरू झाली होती, पण माझ्या तासांना ती जुळायची नाही. मग साध्याच गाडीचा लेडीज डबा. 'कुठं उतरणार?' या एका प्रश्नावर तिथला सगळा व्यवहार. गाडीत आडनाव विचारत नाहीत, असं मी पूर्वी भाषणांत ठोकून द्यायचे. विचारतात. पहिल्या दिवशी नाही, महिनाभरात, वाटाणे सोलता सोलता. उत्तर ऐकून काहीजणींचे डबे पुढं येत राहतात, काहीजणींचे येईनासे होतात. पण उभं राहायची जागा कुणी काढून घेत नाही, हेही खरं. त्या जागेत झेरॉक्सच्या गठ्ठ्यांवर माझं निम्मं एम.ए. झालं.

कुर्ला पश्चिमेला उतरून बसची रांग, मग कलिना, रानडे भवन. तास संपायचे आणि माझ्या दृष्टीनं खरं विद्यापीठ तेव्हा सुरू व्हायचं. कँटीनमध्ये चहा, कुणीतरी नवी कविता काढलेली, कुणीतरी तिच्यावर तुटून पडलेलं. वसतिगृहातल्या मुली टेबलावर कोपरं टेकून बसायच्या. त्यांना कुठं जायचंच नसायचं. मी घड्याळाकडं बघत असायचे. वाद ऐन रंगात आला की उठायचं. त्या दोन वर्षांतल्या एकाही भांडणाचा शेवट मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर, "अगं ते काय, मिटलं." 'हॉस्टेलला असताना' अशी सुरुवात करून कुणी आठवणी सांगायला लागलं की आजही माझा चेहरा बदलतो, असं नवरा म्हणतो.

घरी आल्यावर दुसरी अडचण. खोली एक, कॉट एक. वडिलांची रात्रपाळी असली की कॉट माझी. दिवसपाळी लागली की ती त्यांची, आणि दिवा नऊला बंद. अशा आठवड्यांत मी वह्या घेऊन शेजारच्या ओट्यावर जायचे. दादा ट्रंकेवरून उठून खुर्ची घ्यायचे आणि ट्रंक माझ्याकडं सरकवायचे. ओट्यावरचा बल्ब त्यांच्या मीटरवर जळायचा. बदल्यात एकच मागणं, "बोल पुट, आज हमारी युनिव्हर्सिटीमें क्या पढाया?"

त्यांची कशी? तर तशीच. सिंध १९३६ पर्यंत मुंबई प्रांतातच होता आणि तो वेगळा झाल्यावरही तिथली कॉलेजं फाळणीपर्यंत मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. मुंबई न पाहता दादांनी मुंबईची पदवी घेतली. पुढं बोटीनं मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा वाटलं, आपल्या विद्यापीठाच्या गावात आलो. पण गावात राहू कोण देतो! धक्क्यावरून गाडीत घालून थेट कल्याण कॅम्प. राजाबाई टॉवर त्यांनी पुढं कितीतरी वर्षांनी, रविवारी, बाहेरून पाहिला. कराचीहून सुटले होते ते ट्रंक आणि सर्टिफिकेट घेऊन. माझ्या पदवीवरही 'बॉम्बे'च छापलंय, इंग्रजी नाव बदललं ते १९९६ मध्ये. दोन्ही कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते आम्ही. दादा म्हणाले, तुझा कागद हलका आहे. वजनानं म्हणायचं होतं त्यांना, असं मी धरून चालते.

आपल्याकडं वसतिगृहांचा इतिहास विचारला की आधी कोल्हापूर आठवतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाचं वेगळं वसतिगृह निघत गेलं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. सगळ्यांनी एका छपराखाली राहावं हे बोलायला सोपं होतं, एका पंक्तीला बसायला कोण तयार होतं? पोरांनी आधी शिकावं, पंक्तीचं पुढं बघू, असा तो राजाचा व्यवहार. तो मला पटतो. पुढचं बघायचं आम्ही विसरलो, त्याला महाराज काय करणार.

बाबासाहेबांचं शिक्षण वाचताना मी नेहमी खोल्याच मोजत बसते. परळच्या चाळीतली एक खोली: मुलगा लवकर झोपायचा, वडील रात्री दोनपर्यंत जागून त्याला अभ्यासाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. ते वाचलं तेव्हा मला आमची कॉट आठवली, आणि आमचे वडील हे काही वाचून करत नव्हते याची मजा वाटली. मग न्यूयॉर्क, कोलंबियाचं वसतिगृह. तिथून शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आले तर राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या सराईत उतरले, तर काठ्या घेऊन माणसं आली. कामाठी बागेत तासन्‌तास बसून काढले, रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत. मग लंडन: तिथल्या घरमालकीण बाईंचं जेवण इतकं तुटपुंजं की रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसानं दिलेले पापड भाजून खायचे. तिथल्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर राज्य सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. पापडांचं वाचलं तेव्हा मला एकदम शेजारची अम्मा आठवली.

सिंध्यांच्या घरी गेलं की आधी पापड आणि पाणी पुढं येतं. दादांची अम्मा फार म्हातारी, डोळ्यांनी अधू, पण मी ओट्यावर वह्या टेकवल्या की आतून पापड भाजल्याचा वास यायचाच. मग ताटलीत पापड आणि स्टीलच्या पेल्यात पाणी. पेल्याच्या काठाला एक चेप होती, पिताना ओठाला लागायची. पुढं कधीतरी लक्षात आलं, मला येणारा पेला नेहमी तोच असतो. तो आतल्या मांडणीवर नसतो, खिडकीच्या कठड्यावर पालथा असतो. दादांना ते माहीत होतं का? माहीत नसायला ते काही आंधळे नव्हते. आणि तरी ट्रंक रोज माझ्याकडं सरकायची. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींतलं एक पुसून टाकून मला त्या ओट्याची आठवण काढता येत नाही.

भाचा जुलैत आला. आधी आठ दिवस वाकोला, कोळीवेरी, कुर्ला असं फिरला. एका कॉटचे नऊ हजार, वर डिपॉझिट, हे त्यानं सहज सांगितलं. बाकीचं हळूहळू आलं. एजंट फोनवर गोड बोलतो, रूम आहे म्हणतो, मग 'पूर्ण नाव पाठवा'. पाठवलं की रूम गेलेली असते. एका ठिकाणी तर व्हेज-नॉनव्हेज विचारता विचारता सरळ, "तुमच्यात काय म्हणतात?" सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये. त्यातले राहण्याचे धरलेत २०,०००; म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत. शिवाय भाडेकरार जोडायचा.

आणि इथं कॅम्प चार अडतो. मराठा सेक्शनच्या बाजूला एक खोली आम्हाला आवडली, मालकानं नाव ऐकून भुवई हलवली नाही. पण करार म्हटल्यावर तो गप्प झाला. उल्हासनगरच्या जागा मुळात निर्वासितांना दिलेल्या. ज्याच्याकडं प्रांत कार्यालयाची सनद तो पक्का, बाकीचे ताब्यावर राहतात. वर चढवलेल्या मजल्यांचं विचारूच नका. जिथं कागद आहे तिथं दार उघडत नाही, आणि दार उघडतं तिथं कागद नाही.

शेवटी टेकडीकडंच, ओळखीतून, कागद असलेली खोली मिळाली. मी त्याला मला ठाऊक असलेलं सगळं सांगितलं: कुठल्या डब्याला पुलाचा जिना जवळ पडतो, सकाळी कल्याणला जाऊन का बसायचं, आणि मुख्य म्हणजे वाद रंगला की उठायचं नाही, शेवटच्या गाडीपर्यंत बसायचं. पेल्याचं सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. सांगितलं.

तो हसला. "निदान पापड तरी देत होती ना गं? वाकोल्यात दारच उघडलं नाही."

त्याचं हे गणित मला मान्य नाही. माझ्या वेळचा चेप आलेला पेला आता याला नशीब वाटावं, इतकं खाली आपण मागणं आणायचं नाही, असं मी त्याला खडसावून सांगितलं. त्यावर तो वाद घालायला लागला. घालू दे. या वेळी मला कुठली गाडी पकडायची नव्हती.