वळणाआड

क्रॉसकंट्रीची शर्यत पालकाला फारशी दिसत नाही. ट्रॅकवर धावणारे मूल दर फेरीला नजरेसमोर येते. इथे ते बाभळींच्या वळणाआड गेले, की पाण्याची बाटली धरून वाट पाहणे तेवढे उरते. नववीतल्या माझ्या मुलीच्या यंदाच्या शालेय शर्यतींत मी हेच करतो आहे.

पालकाचा आधार म्हणजे काठावर उभे राहणे, असे मला पूर्णांशाने वाटत नाही. आमच्याच बीड जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे आईवडील वीटभट्टीवर राबत. सुमारे ६ किलोमीटरवरच्या शाळेत तो कधी चालत, कधी धावत जाई. बारावीनंतर तो लष्करात गेला, २०१५ मध्ये क्रॉसकंट्रीत उतरला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत मिळवले. पदकाआधी त्याची बारावीपर्यंतची शाळा होती. विटा थापणाऱ्या हातांनी दिलेला आधार तो हाच.

मुलीच्या संघातल्या दोघींचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातील. मुली सोबत गेल्या तर शाळा तुटेल, धावणेही. यंदा त्यांच्या आज्यांनी त्यांना ठेवून घेण्याचे ठरवले आहे. त्या आज्या मैदानावर कधीच येणार नाहीत. मी मात्र आता तीन बाटल्या घेऊन जातो.