रजा संपली, पुढे काय?



गेल्या डिसेंबरात आमची सून बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली. ती गडचिरोलीला बँकेत आहे. आम्ही राहतो चंद्रपुरात. मूलमार्गे एका बाजूचे ऐंशीएक किलोमीटर, जंगलातला रस्ता. सकाळी पावणेआठला निघायची, यायला साडेसात. त्या दिवसांत आपल्याकडे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य बुडतो. आणि आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही. तीसुद्धा लग्नाआधीपासून पाळते.

तीन दिवस ती आली, हातपाय धुतले, बाळाला घेतलं आणि पाणी पिऊन झोपली. मी बघत होते. चौथ्या रात्री बाळ सारखं रडू लागलं, दूध पुरेना. मी काय म्हणाले माहीत आहे? "बघ, म्हणून म्हणत होते, नोकरी झेपायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पर्समध्ये राजीनाम्याचा कागद दिसला. सही व्हायची होती.

मी गप्प बसले, कारण असा कागद मी स्वतः लिहिलेला आहे. तीस वर्षांपूर्वी मी एका खाजगी शाळेत शिकवत होते. तेव्हा रजा बारा आठवड्यांची. परत गेले तर माझा वर्ग दुसरीला दिलेला, आणि बाळाला पाजायला घरी जाऊ का असं विचारायचीही सोय नाही. महिनाभरात सोडून दिलं. घरात सगळ्यांना वाटलं, बरं झालं. मलाही तसंच वाटतं असं मी सांगत आले.

आता कायदा बदलला आहे. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं. सुनेच्या शाखेत एवढी माणसं कुठली! पण आणखी एक तरतूद आहे, ती आपल्या बायकांना क्वचितच ठाऊक असते. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते. मलाही हे डिसेंबरातच कळलं.

ते सांगितलं पुण्याच्या माझ्या भाचीने. त्या दिवशी मी रडवेली होऊन तिला फोन केला होता. तिच्या कंपनीत रजेवर जाणाऱ्या आईबापांसाठी एक कोच असते. मला वाटलं, हे मोठ्या पगाराचे लाड. पण ती म्हणाली, "मावशी, लाड नाहीत गं. तीन वेळा बोलणं होतं. रजेवर जाण्याआधी, रजा संपत आली की, आणि परत आल्यावर महिनाभराने. तुझं काम कोण करेल, रजेत फोन आलेला चालेल का, पहिल्या आठवड्यात घरी कोण असेल, दूध कुठे काढशील. साहेबालाही बसवून सांगतात, आणि नवऱ्यालाही." मग तिने विचारलं, "तुमच्याकडे तिला हे कोणी विचारलं का?"

मला एकदम आरमोरीची आशाताई आठवली. सुनेचं माहेर तिकडचं, पहिलं बाळंतपण तिथेच झालं, ऐन जुलैत. नाल्याला पूर असला तरी ती बाई ठरल्या दिवशी छत्री घेऊन दारात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. आधी हात धुवायची, मग झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन, ताप, नाळ. शेजारची म्हातारी मध चाटवा म्हणत होती. आपण तर मध घरातच आणत नाही, आणि आशाताईनेही नको म्हटलं, सहा महिने फक्त आईचं दूध. ही पद्धत आपल्या गडचिरोलीचीच आहे बरं का. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे सरकारने हे काम देशभरच्या आशांना दिलं.

तिथे बाळासाठी ठरलेल्या दिवशी विचारणारं माणूस होतं. इथे कामावर परतणाऱ्या आईला विचारणारं कोणीच नव्हतं. मी घरात असून नव्हते.

भाचीने फोनवर सांगितलेले प्रश्न मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. रविवारी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं. मुलगा सिमेंट कारखान्यात आहे. केंद्र सरकारच्या नोकरदार बापाला पंधरा दिवस रजा मिळते, खाजगीत कायद्याने काहीच नाही. त्याने जन्माच्या वेळी चार दिवस घेतले होते, तेव्हा घरात सहा बायका होत्या आणि तो व्हरांड्यात बसून होता! आता त्याने हक्काच्या रजेतले पाच दिवस काढले, म्हणजे तिच्या पुढच्या आठवड्यात बाळ त्याच्याकडे. तिने साहेबांशी बोलायचं ठरलं. तिला लाज वाटत होती. शेवटी कागदावर लिहून दिलं. रेकॉर्ड रूमची किल्ली मिळाली, कडी आतून लागते.

दुधाचं मात्र मला जड गेलं. पंपाने काढलेलं दूध फ्रीजमध्ये? आपल्याकडे दूध गाळून ४८ मिनिटांच्या आत तापवायची मर्यादा. दोन दिवस मनात घोळवलं. बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आईचं दूध तापवायचं नसतं, फ्रीजमध्ये नीट ठेवलं तर चालतं. मर्यादा मी घेतली आहे, बाळाने नाही. वाटी-चमचा उकळून घेते आणि पाजते. मंदिरात एकदोघींनी विचारलं, त्यांनाही हेच सांगितलं.

आणि जेवण. तिचे आता दोन डबे असतात. दुसऱ्यात ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, एक मेथीचा लाडू. पाचला, सूर्य असताना, ती शाखेतच जेवून घेते आणि मग बस पकडते. इतकं साधं होतं. मला सुचायला एक आठवडा आणि एक राजीनामा लागला.

महिना झाल्यावर मी परत विचारलं, भाचीच्या कोचसारखं. ती म्हणाली, "आई, मंगळवारी फार गर्दी असते, दूध काढायचं राहून जातं." मंगळवारचं अजून सुटलेलं नाही. चतुर्दशीच्या उपवासाचंही बोलून झालं, पाजते आहेस तोवर नको म्हटलं. तिला थोडं वाईट वाटलं.

राजीनाम्याचा कागद तिने फाडला का, मी विचारलेलं नाही. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.