सिनेमाचा जमा-खर्च



रविवारी चौविहार आटोपून यांच्यासोबत ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पाहिला. १९४६चा सिनेमा. दिग्दर्शक आणि नायक शांतारामबापू, कथा ख्वाजा अहमद अब्बासांची, संगीत वसंत देसाईंचं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, १९४१मध्ये तिथल्या क्वो छिंगलानशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा.

मी कॉमर्सची, मनात जमा-खर्च मांडला. जमेला एवढी मोठी माणसं, तरी शिल्लक कमीच वाटली. खरी क्वो परिचारिकांना शिकवायची. जयश्रीबाईंनी काम मन लावून केलंय, पण सिनेमा तिच्या लाजण्यात आणि अश्रूंतच जास्त रमतो.

यांना म्हटलं, तर म्हणाले, “अगं, सिनेमा डॉक्टरांचा आहे.”

मी गप्प बसले. आधी पिंपरी, मग चाकण, यांच्या तीस वर्षांच्या शिफ्ट आणि पहाटे चारला उठून केलेला माझा डबा. निरोप समारंभात भाषणं झाली, त्यात मी नुसती ‘सौ.’

झोपताना हे हळूच म्हणाले, “डबा कधी चुकला नाही गं तुझा.”

जमेला लिहून ठेवलं.