दादर, पहाटे साडेपाच

रोज ऑफिसला जाताना दादर लागतं, पण स्टेशनच्या पश्चिमेचा फुलबाजार कधी पाहिलाय? एखाद्या शनिवारी अलार्म लावा आणि खिशात मावणारा छोटा कॅमेरा घेऊन सेनापती बापट मार्ग गाठा. झेंडूचे ढीग, शेवंती, मोगरा, डोक्यावरच्या टोपल्या... मोठी लेन्स या गर्दीत नुसती अडचण!

मी मात्र पहिल्याच क्लिकला माती खाल्ली. फ्लॅश उडाला आणि हार ओवणाऱ्या मावशींनी पदर तोंडावर ओढला. सॉरी म्हटलं, फ्लॅश बंद केला, गजरा घेतला, गप्पा मारल्या. मग विचारून त्यांच्या बोटांचा फोटो काढला. कॅमेऱ्यावरचं फुलाचं चिन्ह निवडलं की अगदी जवळचंही झक्कास फोकस होतं. फक्त कमी उजेडात हात हलतो, म्हणून कोपर खांबाला टेकवायचं.

पुढच्या शनिवारी ऐटीत प्रिंट नेऊन दिली. मावशी म्हणाल्या, ‘‘नुसते हात कशाला? गावाला पाठवायचा तर तोंड दिसायला नको?’’

पदर सारखा केला, टोपली पुढ्यात ओढली, ताठ बसल्या. क्लिक!

या फोटोच्या दोन प्रिंट्स काढल्या. एक गावाला गेली, एक माझ्या डेस्कवर आहे.